आफ्टरस्कूलमधे काम करणाऱ्यांनी कॉन्फरन्सला जाऊन खरंच काही हाती लागतं का? (बूस्ट, पाम स्प्रिंग्ज)

ईस्टबे_ताई

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात, बे एरियात एका एलिमेंटरी शाळेच्या आफ्टरस्कूल प्रोग्राममधे साइट लीड (म्हणजे त्या शाळेतल्या प्रोग्रामची प्रमुख) आहे, हे चौथं वर्ष. सांगलीला असताना कॉलेजात शिकवायचे, इकडे आल्यावर वर्क परमिट येईपर्यंत घरीच होते, मग मुलीच्या शाळेत व्हॉलंटियर करता करता या कामात आले आणि आता सोडवत नाही. ऐंशी मुलं, माझ्यासकट पाच जणांचा स्टाफ, दुपारी अडीचला शाळा सुटली की सहापर्यंत मुलं आमच्याकडे. स्नॅक, होमवर्क, खेळ, आर्ट, मग पालक येऊन साइन आउट करेपर्यंत सगळं.

तर आमच्या संस्थेला यंदा पाम स्प्रिंग्जच्या बूस्ट कॉन्फरन्सच्या दोन जागा मिळाल्यात आणि डायरेक्टरने विचारलंय तू जाशील का. रजिस्ट्रेशन आणि हॉटेल ते देणार, विमानाचे पैसे मी आधी भरायचे ते नंतर मिळणार, आणि त्या दिवसांचे तास मिळणार का विचारलं तर "बघू" म्हणाले. मी तासावर काम करते, त्यामुळे तीन-चार दिवस बिनपगारी गेले तर महिन्याचं गणित बिघडतं.

दुसरं म्हणजे आमच्याकडची बाकीची मुलं (स्टाफ म्हणतेय, पण एकोणीस-वीस वर्षांचीच आहेत, सकाळी कम्युनिटी कॉलेज आणि दुपारी आमच्याकडे) त्यांना शिकायची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे असं मला सारखं वाटतं. चौथी-पाचवीचा ग्रुप साडेचारनंतर हाताबाहेर जातो, होमवर्कच्या तासाला रोज रडारड आणि भांडणं, या वर्षात दोन जण त्याच ग्रुपला कंटाळून सोडून गेले. मला याचं उत्तर हवंय. मागे एका दिवसाच्या ट्रेनिंगला गेले होते तिथे सहा तास स्लाइड्स वाचून दाखवल्या, येताना पिशवी आणि पाण्याची बाटली मिळाली, दुसऱ्या दिवशी साडेचारला परत तेच.

घरी नवरा म्हणतोय जा, मुलांचं मी बघतो. जाऊन आलेलं कुणी आहे का इथे? प्लीज सविस्तर सांगा.

दक्षिणकॅलीतला_दादा

ताई, मी प्रोग्राम मॅनेजर आहे, सहा साइट बघतो, बूस्टला तीनदा जाऊन आलोय. आधी तासांचं सांगतो कारण तिथेच आपल्या लोकांचं नुकसान होतं, संकोचाने कुणी विचारत नाही.

फेडरल नियम असा आहे की ट्रेनिंगचा वेळ कामाचा धरायचा नसेल तर चार गोष्टी एकदम असाव्या लागतात. ट्रेनिंग तुमच्या नेहमीच्या वेळेबाहेर असावं, जायचं की नाही हे खरंच तुमच्या मर्जीवर असावं, त्याचा तुमच्या कामाशी थेट संबंध नसावा आणि तिथे तुम्ही दुसरं कुठलं काम करू नये. यातली एक जरी बसली नाही तरी तो वेळ कामाचा. साइट लीडने आफ्टरस्कूलच्या कॉन्फरन्सला जाणं याचा कामाशी थेट संबंध नाही असं कोण म्हणेल? प्रवासाच्या तासांचंही विचारा, कॅलिफोर्नियाचे नियम फेडरलपेक्षा कडक आहेत. तिकीट संस्थेच्या कार्डावर काढा म्हणावं, तुम्ही का अडकवायचे पैसे. आणि हे सगळं ईमेलवर, बुकिंगच्या आधी. भांडणाचा सूर नको, "सेशनचे तास टाइमशीटवर कसे लिहू?" एवढंच विचारायचं.

आता कॉन्फरन्सबद्दल. बूस्ट म्हणजे बेस्ट ऑफ आउट-ऑफ-स्कूल टाइम, शाळेच्या वेळेबाहेर मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठीच आहे, त्यामुळे "तुम्ही बेबीसिटिंग करता का" असं तिथे कुणी विचारत नाही. मला पहिल्या वर्षी नुसत्या याच गोष्टीने भरून आलं होतं, खरं सांगतो. एका वेळी बरेच वर्कशॉप चालू असतात आणि नवीन माणूस नाव बघून आत शिरतो, तिथे फसायला होतं. नाव बघू नका, घेणारा माणूस काय काम करतो ते बघा. रोज साइट चालवणारा असेल तर जाऊन बसा. कंपनीचा असेल तर बहुतेक वेळा शेवटची पंधरा मिनिटं त्यांच्या करिक्युलमची जाहिरात असते, काही चांगलेही असतात पण माझा नियम दिवसाला असं एकच.

आणि जाताना तुमचा साडेचारचा प्रश्न बरोबर घेऊन जा. अगदी कागदावर लिहून, किती मुलं, कुठली खोली, आधी काय होतं, नंतर काय होतं, सगळं. माझ्या एका साइटला हुबेहूब हेच होतं. त्याचं उत्तर मला वर्कशॉपमधे मिळालं नाही, जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंकडून मिळालं, त्या वीस वर्षं हेच काम करत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की तुमची मुलं सकाळी आठपासून किती वेळ बसलेली असतात? आम्ही स्नॅक झाला की लगेच होमवर्कला बसवत होतो. परत येऊन आधी पाऊण तास मैदान केलं, मग होमवर्क, आणि ज्यांना होमवर्क नाही त्यांना गप्प बसवून ठेवायच्या ऐवजी वाचन किंवा बोर्ड गेम यातलं काय ते त्यांनीच निवडायचं. पहिला आठवडा जास्तच गोंधळ झाला, तिसऱ्या आठवड्यात बसलं. तुमच्याकडे हेच लागू पडेल असं नाही पण असा प्रश्न विचारणारी माणसं तिथे भेटतात.

हॉटेल लवकर घ्यायला सांगा. एप्रिलमधे त्याच भागात कोचेलाचा संगीत महोत्सव असतो, त्या सुमाराला दर कुठल्या कुठे जातात. आणि वाळवंट आहे, बाहेर भाजतं आणि हॉलमधे एसीने कुडकुडायला होतं, स्वेटर न्याच.

सॅक्रामेंटोकर

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. एका माणसाला तीन दिवस पाठवून साइट बदलत नाही. शिक्षकांच्या ट्रेनिंगवर जॉइस आणि शॉवर्स यांनी १९८०च्या दशकात मांडलंय की नुसतं ऐकून, बघून, एकदा करून बघूनसुद्धा वर्गात फार थोडं उतरतं, नंतर कुणीतरी वर्गात येऊन बरोबर उभं राहिलं तरच टिकतं. मी हे रोज बघतो. माणूस भारावून परत येतो, सोमवारी दोन जण गैरहजर असतात, तो स्वतःच एका ग्रुपवर उभा राहतो आणि वही बॅगेतच राहते.

त्यापेक्षा विमान आणि हॉटेलचे पैसे घेऊन चांगला ट्रेनर तुमच्या साइटवर आणा, पाचही जण शिकतील. तुमचा प्रोग्राम एसेसच्या (आफ्टर स्कूल एज्युकेशन अँड सेफ्टी) ग्रँटवर असेल (२००२ च्या प्रॉपोझिशन ४९ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावामधून आलेली, सहापर्यंत चालवायची आणि वीस मुलांमागे एक माणूस ही अट त्यातलीच) तर वर्षाला तीन दिवसांपर्यंत स्टाफ ट्रेनिंगसाठी प्रोग्राम बंद ठेवता येतो. किती साइट हे दिवस वापरतात? विचारा तुमच्या डायरेक्टरना. शिवाय तुमच्या काउंटी ऑफिस ऑफ एज्युकेशनमधे (जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात) एक्सपांडेड लर्निंगचे, म्हणजे शाळेच्या वेळेबाहेरच्या शिक्षणाचे लोक असतात, साइटवर येऊन बघणं आणि कोचिंग करणं हे त्यांचं कामच आहे.

दक्षिणकॅलीतला_दादा

@सॅक्रामेंटोकर तीन दिवसांचा मुद्दा एकदम बरोबर, मीच लिहायला हवा होता. पण या दोन्हींत निवडायचं कशाला? कॉन्फरन्सच्या जागा मिळालेल्याच आहेत. ताईंनी जाऊन यावं आणि परत आल्यावर त्यातला एक दिवस मागून घ्यावा, असं सांगतो.

हडसनकाठची_मावशी

मी न्यूयॉर्कमधे कम्युनिटी स्कूलमधे आहे. कम्युनिटी स्कूल म्हणजे शाळेच्या इमारतीतच दवाखाना, समुपदेशन, पालकांसाठी वर्ग, आफ्टरस्कूल हे सगळं. इथे चिल्ड्रन्स एड या संस्थेने १९९२ मधे वॉशिंग्टन हाइट्समधे हे सुरू केलं, मला तिथल्या जुन्या लोकांकडून खूप शिकायला मिळालं. आमच्या लोकांची कॉन्फरन्स वेगळी, इन्स्टिट्यूट फॉर एज्युकेशनल लीडरशिप ही संस्था घेते, शहर बदलत असतं. २०२२ ला लॉस एंजेलिस, २०२३ फिलाडेल्फिया, २०२४ अटलांटा.

ताई, तुमची शाळा कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी स्कूल्सच्या पैशांत आहे का बघा, तुमच्या राज्याने २०२१ पासून त्यात ४ अब्ज डॉलरच्या वर घातलेत. असेल तर पुढच्या वर्षी या कॉन्फरन्सचाही विचार करा, कारण तिथे पालकही येतात आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच. फिलाडेल्फियाला आम्ही आमच्या शाळेतल्या एका आईला बरोबर नेलं, बांगलादेशच्या आहेत. एका सेशनमधे वक्ते सांगत होते की पालक मीटिंगला येत नाहीत, तर या हात वर करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या तुम्ही मीटिंग पाच वाजता ठेवता, तेव्हा मी दुकानात असते, मला कुणी विचारलंच नाही की मी कधी येऊ शकते. खोली शांत झाली. आमच्या पालक मीटिंगा त्यानंतर रविवारी सकाळी होतात, आणि वेळ त्याच ठरवतात.

म्हणून सॅक्रामेंटोकरांचं म्हणणं मला पटतं पण पूर्ण नाही. एकट्याने जाऊ नये एवढं खरं. दोघं जा, आणि दुसरी व्यक्ती तुमच्यासारखी नको, तुमच्यापेक्षा लहान किंवा वेगळी हवी.

वस्तीतली_अभ्यासिका

मी पुण्यातून लिहितेय, अमेरिकेचं मला माहिती नाही पण प्रश्न वाचून राहवलं नाही. मी संध्याकाळी वस्तीत अभ्यासवर्ग घेते, पहिली ते सातवी एकत्र, बहुतेक मुलांचे आईवडील बिगारी आणि घरकामाला. आमच्याकडे कॉन्फरन्स नसते, महिन्यातून एकदा सगळ्या ताया एकत्र बसतो. त्यात एक पद्धत आहे, ती सांगते. प्रत्येक वेळी एका ताईने आपल्या वर्गात जमत नसलेली गोष्ट आणायची, जमलेली नाही. बाकीच्या आम्ही मुलं होऊन बसतो आणि ती तो तास घेते. मग पुढच्या आठवड्यात आमच्यातली एक जण तिच्या वर्गात जाऊन नुसती बसते, बोलायचं नाही, मुलांकडे बघत राहायचं आणि वर्ग सुटल्यावर काय दिसलं ते सांगायचं. मला माझ्या वर्गात गुणाकार शिकवताना मागच्या ओळीतली तीन मुलं फळ्याकडे बघतच नाहीत हे असंच कळलं, दिवा त्यांच्या डोळ्यावर येत होता. मी दोन वर्षं त्यांना ओरडत होते.

ताई तुम्ही जाऊन या. आणि येऊन तुमच्या त्या वीस वर्षांच्या पोरांबरोबर हे करून बघा, याला पैसे लागत नाहीत.

ईस्टबे_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. दिव्याचं वाचून मी काल मुद्दाम साडेचारला मागे उभी राहून नुसतं बघितलं. आमची होमवर्कची खोली म्हणजे कॅफेटेरिया, आणि त्याच वेळी पलीकडे कस्टोडियन (शाळेची साफसफाई बघणारे) टेबलं घडी घालून ढकलत नेतात, तो आवाज एवढा असतो की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. चार वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्याशी बोलले, ते लगेच म्हणाले मी आधी दुसरी बाजू करतो.

डायरेक्टरना ईमेल केला, दादांनी सांगितलं तस्साच. सेशनचे तास मिळणार, तिकीट ऑफिस काढणार, प्रवासाच्या तासांचं एचआरला विचारून कळवतो म्हणालेत. दुसरी जागा आमच्यातल्या सगळ्यात नवीन मुलीला द्या असं मी सुचवलं, वीस वर्षांची आहे, ती आधी "मला कशाला" म्हणत होती, पण रात्री तिचा मेसेज आला की तिने आयुष्यात अजून विमान बघितलेलं नाहीये आतून. आणि परत आल्यावर एक दिवस प्रोग्राम बंद ठेवून सगळ्यांनी बसायचं हेही मागितलंय, त्याचं उत्तर यायचंय.

एकच विचारायचं राहिलं, वर्कशॉपमधे ग्रुपमधे बोलायला लावतात का? माझं इंग्लिश ठीक आहे पण उच्चारांमुळे लोक "काय?" म्हणतात की मी गप्प होते.

दक्षिणकॅलीतला_दादा

लावतात, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी. गोल टेबलाला सहा-सात जण असतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी स्पॅनिश बोलतात, तुमच्या मुलांच्या घरी बोलतात तसंच. ऐंशी मुलांना रोज सहापर्यंत सांभाळताय तुम्ही. साडेचारचा कागद तेवढा टेबलावर ठेवा आणि वाचायला सुरुवात करा. आणि एचआरचं उत्तर आलं की इथे टाका, माझ्या लोकांनाही उपयोगी पडेल.