विंडोज ९८ वरून विंडोज ११ वर फाइली कशा न्याव्यात?

प्रश्न : विंडोज ९८ च्या संगणकावर माझी जुनी पत्रे आणि छायाचित्रे आहेत. दोन्ही संगणक एकाच राउटरला केबलने जोडले असून पिंगला (दुसऱ्या संगणकापर्यंत संपर्क होतो का हे तपासणाऱ्या आज्ञेला) उत्तर मिळते, तरीही सामायिक फोल्डर उघडत नाही. काय तपासावे?

उत्तर १ : पिंग चालते, म्हणजे केबल, नेटवर्क कार्ड आणि आयपी पत्ते ठीक आहेत. विंडोज ९८ ला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर सामायिक करण्याच्या प्रोटोकॉलची, केवळ पहिली आवृत्ती कळते आणि विंडोज ११ मध्ये ती मुळातच बंद असते. ती सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच प्रोटोकॉलच्या हाताळणीतील त्रुटीतून पसरला होता. त्याऐवजी नव्या संगणकावर तात्पुरता एफटीपी (फाइली पाठवण्याचा जुना प्रोटोकॉल) सर्व्हर चालवावा, फायरवॉलमध्ये २१ क्रमांकाचे पोर्ट उघडावे आणि जुन्या संगणकाच्या डॉस खिडकीतून, तिथे आधीपासूनच असलेल्या एफटीपी आज्ञेने, फाइली पाठवाव्यात.

उत्तर २ : पाठवण्यापूर्वी 'बायनरी' ही आज्ञा अवश्य द्यावी. विंडोज ९८ मधील ती एफटीपी आज्ञा मजकुरासाठीच्या आस्की पद्धतीने सुरू होते आणि त्यात छायाचित्रे बिघडतात.

प्रश्नकर्ता : माझी पहिली छायाचित्रे नेमकी तशीच बिघडली होती, बायनरीने पुन्हा पाठवल्यावर सर्व व्यवस्थित उघडली. मनापासून आभार.