मदत हवी आहे: रेसिंग गो-कार्टचं वजन जुळेना, पुढचं डावं चाक फार हलकं येतंय

रानवारा

इंजिन रोटॅक्स मॅक्स १२५, मागचा अ‍ॅक्सल ५० मिमी, व्हीलबेस १०४० मिमी. चार पॅडच्या डिजिटल काट्यावर कार्ट घेतली. ड्रायव्हर हेल्मेट-सूटसकट बसलेला, टाकीत ३ लिटर पेट्रोल, पुढच्या दोन टायरांत सारखी हवा, मागच्या दोन टायरांतही सारखी. आकडे किलोत:

पुढचं डावं ३०.४, पुढचं उजवं ३७.०
मागचं डावं ४७.६, मागचं उजवं ४१.८
एकूण १५६.८

क्लासची किमान मर्यादा १६० आहे, म्हणजे वजन भरायला शिसं लावायचंच आहे. कार्ट डाव्या वळणात पुढून सरळ निघून जाते आणि वळण संपताना इंजिन दबतं. उजव्या वळणात मात्र मागचा भाग सुटतो. सगळं शिसं डाव्या बाजूला पुढे फ्लोअर ट्रेवर लावावं, की सीट सरकवावी? दोन्ही करायच्या आधी विचारतोय.

पाना_पकड

सीटला हात लावू नका आणि शिसं तर अजून हातातही घेऊ नका. आधी बेरजा बघा. पुढची दोन चाकं मिळून ६७.४, म्हणजे ४३ टक्के. डावी बाजू ७८.०, उजवी ७८.८. स्प्रिंट कार्टला पुढे ४२ ते ४४ टक्के आणि डावं-उजवं निम्मं-निम्मं हवं, ते तुमच्याकडे आहे. बिघडलाय तो कर्ण. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून ७२.२, दुसरा कर्ण ८४.६. म्हणजे ४६ विरुद्ध ५४.

सीट किंवा शिसं सरकवलं की पुढे-मागे आणि डावं-उजवं बदलतं. कर्ण बिघडतो तो चॅसीला पीळ बसल्यामुळे किंवा एखादा कोपरा वर-खाली असल्यामुळे. पुढे डावीकडे शिसं लावलंत तर आकडा सुधारलेला दिसेल, पण पीळ तसाच राहील आणि चांगल्या दोन बेरजा बिघडतील.

वळणांतलं वागणंही याच आकड्यांतून येतं. कार्टला डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर एकाच वेगाने फिरतात, म्हणून वळणात आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित सुटायलाच हवं. डाव्या वळणात आतलं चाक म्हणजे तुमचं ४७.६ किलोचं. ते उचललं जात नाही, घासत राहतं, कार्टला सरळ ढकलतं आणि इंजिनाची ताकद खातं. उजव्या वळणात ४१.८ वालं लगेच उचललं जातं.

आता जमीन. कार्टला स्प्रिंग नसतात, त्यामुळे पॅडखाली दोन-तीन मिमीचा फरक असला तरी एकेका चाकावर किलो-दोन किलो इकडचे तिकडे होतात. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या, चारही पॅडच्या वरच्या पृष्ठभागावर पातळी जुळवा, कमी पडेल तिथे प्लायचे किंवा लिनोलियमचे तुकडे सरकवा. मग २० किलोची एकच डंबेल प्लेट चारही पॅडवर आळीपाळीने ठेवून बघा. चारही ठिकाणी एकच आकडा आला पाहिजे.

मागच्या दोन्ही टायरांचा घेर टेपने मोजा. घेरात ६ मिमी फरक म्हणजे त्रिज्येत जवळजवळ १ मिमी. पुढच्या टायरांचाही मोजा.

चाकोरी

पाना_पकड यांच्याशी सहमत. जमीन आणि टायर ठीक निघाले तर माझा पहिला संशय स्टिअरिंगवर.

कॅस्टरमुळे (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याच्या मागे झुकलेल्या कलामुळे) स्टिअरिंग उजवीकडे वळलं की उजवा स्टब (पुढचं चाक धरणारा आखूड दांडा) चॅसीच्या तुलनेत खाली जातो आणि डावा वर. म्हणजे पुढचं उजवं आणि मागचं डावं जड होतं. तुमचे आकडे नेमके त्याच दिशेने कललेत. स्टिअरिंग व्हील हातात सरळ दिसतंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंना चॅसीच्या मध्यरेषेला समांतर दोरी ताणा आणि पुढच्या प्रत्येक रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर वेगवेगळं मोजा. एकूण टो-आउट (पुढची चाकं पुढून बाहेर वळलेली असणं) २ मिमी बरोबर असूनही उजवं चाक ४ मिमी बाहेर आणि डावं २ मिमी आत वळलेलं असू शकतं. तसं असेल तर एक टाय रॉड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा दांडा) लांब आणि दुसरा तेवढाच आखूड करा. एकूण टो तोच राहील, चाकं सरळ होतील.

वजन घेताना ड्रायव्हरचे हात व्हीलवर, पाय पेडलवर पण ब्रेक दाबलेला नको, नजर समोर. मान वळवून काट्याचा आकडा वाचायचं काम त्याचं नाही. तो बसला की पुढचा-मागचा बंपर दोनदा दाबून सोडा, टायर पॅडवर अडकून आडवे ताणलेले राहतात ते मोकळे होतात.

तेवढ्याने सुटलं नाही तर सीट. सीट आपल्या वजनाने ब्रॅकेटवर बसली पाहिजे. भोक जुळत नाही म्हणून ओढून बोल्ट आवळला की पीळ थेट चॅसीत उतरतो. सीटचे चारही बोल्ट आणि ज्यादा सीट स्टे (सीटला आधार देणारे दांडे) ढिले करा आणि ढिल्या अवस्थेतच वजन घ्या. कर्ण सुधारला तर जिथे फट दिसते तिथे स्पेसर भरा, मगच आवळा. मागच्या बेअरिंगचे कॅसेट (बेअरिंग धरणारे भाग) दोन्हीकडे एकाच उंचीच्या भोकात आहेत ना, तेही बघून घ्या.

रानवारा

पॅडची पातळी जुळवली, घेर दोन्हीकडे सारखे आहेत. टो मात्र नेमका चाकोरींनी म्हटला तसा, दोन्ही चाकं उजवीकडे वळलेली. सरळ केल्यावर पुढे ३१.४ / ३६.०, मागे ४६.६ / ४२.८. मग सीट स्टे ढिला केला तर ब्रॅकेटपासून ३ मिमी उडाला. स्पेसर भरून आवळला. आता पुढे ३३.० / ३४.४, मागे ४५.० / ४४.४. उरलेल्यासाठी किंगपिनचे (स्टब ज्यावर वळतो त्या उभ्या बोल्टचे) वॉशर हलवू का?

पाना_पकड

कर्ण ७७.४ आणि ७९.४, म्हणजे ४९.४ टक्क्यांवर आलात. वॉशर राहू द्या, आधी ट्रॅकवर चालवून बघा. पुढे लागलेच तर लक्षात ठेवा: डाव्या स्टबखालचा वॉशर काढून स्टबच्या वर घातला की तो कोपरा वर उचलला जातो, पुढचं डावं आणि मागचं उजवं जड होतं. एका वेळी एक वॉशर, मग पुन्हा टो, मग पुन्हा वजन.

शिशाचा हिशेब शर्यत संपतानाच्या वजनावर करा. २ लिटर पेट्रोल जळलं तर सुमारे दीड किलो कमी, म्हणजे १५५.३. १६० ला ४.७ हवे, वर ०.७ खबरदारीचे, एकूण ५.४ किलो.

चाकोरी

हे ५.४ किलो सीटच्या तळाशी, मागच्या अ‍ॅक्सलपासून ४५ सेंमी पुढे लावा. १०४० पैकी ४५० म्हणजे ४३ टक्केच, पुढचं-मागचं प्रमाण हलणार नाही. सीटच्या पाठीला, अ‍ॅक्सलपासून २० सेंमीवर लावलंत तर जवळजवळ सगळं मागे जाईल.

डाव्या बाजूला ०.८ किलो कमी आहे म्हणून डावीकडे फक्त ०.८ जास्त लावून भागत नाही. मध्यापासून १८ सेंमीवर लावलेल्या १ किलोतले डाव्या चाकांवर साधारण ०.६५ आणि उजव्यावर ०.३५ येतात, फरक ०.३ चाच पडतो. म्हणून डावीकडे ४ किलो, उजवीकडे १.४.

प्रत्येक तुकड्याला किमान दोन बोल्ट, ६ मिमीपेक्षा बारीक नकोत, नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट आणि सीटच्या दोन्ही बाजूंना मोठे वॉशर. फायबरला भोक पाडल्यावर कडेला बारीक तडा दिसतोय का ते नखाने चाचपून बघा. पहिल्या सेशननंतर सगळे नट पुन्हा आवळा, शिसं मऊ असल्यामुळे दबतं आणि बोल्ट ढिले होतात.