सेंडॅकचे राक्षस आणि आपली मुलं

रावपुरेकर: काल इथे एका पोस्टमध्ये मुलांच्या पुस्तकांचा अमेरिकन लेखक-चित्रकार मॉरिस सेंडॅक याचं म्हणणं मांडलं होतं: मुलांना भीती ठाऊक असतेच, पुस्तकांनी ती लपवू नये. इथवर पटलं. पण पुढे लिहिलंय की आजचे आईबाप मुलांना तळहातावरच्या फोडासारखं जपतात, म्हणून मुलांची कल्पनाशक्ती मेली. हे वाचून राहवलं नाही. सेंडॅक १९२८ साली ब्रुकलिनमध्ये जन्मला. लहानपणी सतत आजारी. युरोपात राहिलेले नातेवाईक नाझींनी मारले. १९३२ साली प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्गचं बाळ पळवून मारलं गेलं, ती बातमी त्याच्या मनातून कधी गेलीच नाही. एवढं सोसलेला माणूस मोठा चित्रकार झाला, म्हणून सोसणं चांगलं? तशीच भेदरलेली जी पोरं खचून गेली, त्यांच्याबद्दल कोण लिहिणार?

मांडवीवाली: पोस्ट माझी आहे. दादा, मुलांना सोसायला लावा असं मी कुठे म्हटलं? सेंडॅकच्या १९६३ च्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या पुस्तकात आई मॅक्स नावाच्या मुलाला न जेवता झोपायला पाठवते. तो राक्षसांकडे जातो, त्यांचा राजा होतो, परत येतो तेव्हा ताट गरम असतं. राक्षस त्याच्या हुकमात आहेत, हे बघा ना!

आजवा रोड: न जेवता! माझा आक्षेप तिथेच आहे. बालमानसतज्ज्ञ बेटलहाइमनं १९६९ साली हेच सांगितलं होतं. जी आई भरवते तिनंच जेवण तोडलं तर मूल मुळापासून हादरतं.

मांडवीवाली: बेटलहाइमनं पुस्तक न वाचताच टीका केली होती. तुम्ही वाचलंय?

आजवा रोड: नाही. पण मला काका अंधाऱ्या माळ्यावर कोंडायचे. आजही दिवा लावून झोपतो. त्यातून एक ओळसुद्धा सुचली नाही मला. भीतीचं कौतुक करणाऱ्यांनी हे ऐकून घ्यावं.

कारेलीबागची आई: भाऊ, वाईट वाटलं वाचून. पण भीती नेहमी माणूसच आणतो असं नाही. आपल्या वडोदऱ्यातला २०१९ च्या ३१ जुलैचा पाऊस आठवा. विश्वामित्री नदीतल्या मगरी रस्त्यावर आल्या होत्या. आमची मुलगी पलंगावरून पाय खाली टाकेना. ‘काही नाही गं’ म्हणून पाहिलं, उपयोग शून्य. मग तिनंच मगरीचं चित्र काढलं, तिला चश्मा लावला, शाळेत पाठवलं. रोज नवीन मगर. हळूहळू पाय खाली आले.

समा-सावली: मगरींना दोष देऊ नका. कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, बुजवून इमारती कुणी उभ्या केल्या? पाण्यानं जायचं कुठे? २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच झालं. आमच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी, फ्रिज गेला, आईची औषधं गेली.

रावपुरेकर: विषय बालसाहित्याचा आहे.

समा-सावली: हाच विषय आहे! भीती खरी असेल तर तिचं कारण काढणं मोठ्यांचं काम. नदी मोकळी करायची सोडून मुलांच्या हातात खडू देता?

कारेलीबागची आई: नदी मोकळी होईपर्यंत माझ्या मुलीनं रात्री काय करायचं ते सांगा! मोर्चा काढा, मी येते. खडू मात्र काढून घेणार नाही.

समा-सावली: बरं, खडू राहू दे. कोतरांवर मात्र कुणीच बोलत नाही.

रावपुरेकर: चश्मेवाली मगर मला मान्य, कारण ती मुलीनं स्वतः आणली. जेवत नाही म्हणून ‘बावो आवशे’ (बागुलबुवा येईल) सांगणारे पालक सेंडॅकचा आधार घेणार असतील तर माझा ठाम विरोध. आणि ‘कल्पनाशक्ती मेली’ हे अजून तसंच आहे पोस्टमध्ये.

मांडवीवाली: ‘मेली’ काढते, बाकी पोस्ट राहील. आजवा रोडवाले दादा, ते राक्षस सेंडॅकनं कुणावरून काढले माहीत आहे? घरी येऊन गाल ओढणाऱ्या नातेवाइकांवरून. कोंडणारे काकाही त्यात बसतात.

आजवा रोड: हे माहीत नव्हतं. पुस्तक द्या, वाचतो. जेवण तोडण्याचा मुद्दा मी सोडलेला नाही.