सिगारेट सोडून व्हेप : कितपत सुरक्षित?

रंकाळाकर: कोल्हापुरात चोरून व्हेप (निकोटिनचं लिक्विड तापवून वाफ ओढायची ई-सिगारेट) मिळतंय म्हणे. सिगारेटपेक्षा खरंच बरं का?

पंचगंगाकाठ: तंबाखू जळत नाही, म्हणून टार (धुरातला चिकट काळा थर) आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही. तेवढं विष कमी, निकोटिनचं व्यसन मात्र तसंच. लिक्विड संपत आलं की आतला कापूस कोरडा पडतो, कॉइल (तापवणारी तार) जास्त तापते आणि फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू वाढतो. जळकी चव आली की थांबायचं.

कट्टेकरी: २०१९ पासून विक्रीच बंद आहे. चोरट्या मालात काय भरलंय, कोण सांगणार?

बिंदूचौक: सोडायचीच तर निकोटिन गम घे भावा. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिग्रॅ, नाहीतर २. सावकाश चावायचा, झणझणलं की गालात ठेवायचा. सलग चघळलास तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते. आधी १५ मिनिटं चहा नाही.