सप्त सागरदाचे एल्लो: साइड बी बघू की नको?

शेवटची_रांग: काल रात्री या कन्नड सिनेमाचा पहिला भाग, साइड ए, संपवला आणि डोकं सुन्न झालंय. मालकाच्या पोराने गाडीखाली माणूस मारला आणि ड्रायव्हर मनू पैशासाठी गुन्हा अंगावर घेतो, का तर त्याच्या प्रेयसीला, प्रियाला, समुद्राजवळ घर हवंय म्हणून! अरे पण तिला विचारलंस का बाबा? साइड बी पण असाच रडवणार असेल तर आधीच सांगा, सोमवारी ऑफिस आहे.

रात्रपाळी: बघच. मनू तुरुंगातून सुटून येतो तेव्हा प्रियाचं लग्न होऊन मुलगाही झालेला असतो, आणि हा तिच्या नकळत तिच्या मागावर राहून तिचा संसार सावरायला निघतो. प्रेम कमी, अपराधीपणाच जास्त. पहिल्या भागातला निळा रंग जाऊन इथे सगळीकडे लाल, ते मुद्दाम आहे.

खवट_काकू: सावरायला कसला, पाठलाग करतो तो सरळसरळ! आणि ती सुरभी, तिच्यात हा प्रियाला शोधत बसतो, तिचं काय? सुरभी झालेल्या चैत्रा आचारने मात्र कमाल केलीय, माझ्या मते दुसरा भाग तिचाच. प्रिया झालेली रुक्मिणी वसंत पहिल्या भागात नुसत्या डोळ्यांनी खाऊन टाकते, ते वेगळं.

रात्रपाळी: काकू, पाठलाग मान्य. पण दिग्दर्शक हेमंत राव त्याला हिरो कुठे करतोय?

शेवटची_रांग: बरं, शुक्रवारी रात्री लावतो. संगीतकार चरण राजची यातली गाणी तोवर ऐकतोच आहे.