कुंपणातले कंद : करांदे की कळलावी? मदत हवी आहे

नमस्कार. रोह्याजवळ आमचं गावचं घर आहे. या आठवड्यात कुंपण साफ करताना गड्याने दोन टोपल्या कंद काढून ठेवले. वेली पार वाळून गेल्यात, ओळखायला एकही पान उरलेलं नाही. अडचण तिथेच आहे.

बरेचसे करांदे, म्हणजे उकडून खायचे कंद, वाटतात. काही वेलीवरून गळलेले, बटाट्यासारखे, अंगावर डोळे-डोळे असलेले. काही जमिनीतले, मुळांच्या केसांनी भरलेले. सासूबाई असेच करांदे मीठ घालून उकडायच्या. त्या असत्या तर मला कुणाला विचारावं लागलं नसतं.

पण त्यांतच सात-आठ कंद निराळे निघाले. बोटाएवढे जाड, गुळगुळीत, मध्येच वाकून दोन फाटे फुटलेले, अगदी नांगरासारखे. याच कुंपणावर श्रावणात मी कळलावीची लाल-पिवळी फुलं पाहिली होती, पानाचं टोक वळून काट्याकुट्यांना धरून वर चढत होतं. कळलावीला संस्कृतात लांगली म्हणतात, लांगल म्हणजे नांगर. ते आठवलं आणि छातीत धस्स झालं. तिच्या कंदात कोल्चिसीन नावाचं विष असतं, शिजवून ते जात नाही. उलट्या-जुलाब सुरू होतात तेही काही तासांनी, म्हणजे खाताना काहीच कळत नाही. ते कंद वेगळे काढून मुलांचा हात पोचणार नाही असे ठेवलेत.

आता प्रश्न. टोपलीत काही तुटलेले तुकडेही आहेत, त्यांचा आकार सांगता येत नाही. नुसत्या गरावरून किंवा सालीवरून करांदा आणि कळलावी ओळखता येते का? की सगळी टोपलीच टाकून द्यावी? दुसरं, रानातले करांदे कडू असतात, ते चकत्या करून, राख लावून रात्रभर पाण्यात ठेवतात असं ऐकलंय. घरच्या कुंपणातल्यांनाही हे करावं लागतं का?

घरातल्या एकाने "जरा चाखून बघ, कडू लागलं तर थुंक" असं सुचवलं. कृपया हा सल्ला कुणी देऊ नका, मला त्याची भीती वाटते.

शेजारच्या कातकरी वाडीतल्या मावशींनी एका नजरेत सांगितलं असतं. पण दिवाळीनंतर त्या सगळ्यांबरोबर वीटभट्टीवर गेल्या, त्या आता पावसाच्या तोंडावर येतील.

दोन्ही कंद शेजारी-शेजारी ठेवून, एक उभा चिरून फोटो खाली टाकते आहे. ज्यांनी स्वतः करांदे खणलेत त्यांनी जरूर लिहा. तोवर यातलं काहीही चुलीवर चढवणार नाही.