मदत हवी आहे: दुसरी संपवलेल्या लेकीची आकड्यांची धास्ती सुट्टीत कशी घालवू?

नमस्कार मंडळी,

लेक जूनमध्ये तिसरीत जाईल. मराठी माध्यम. गोष्टी वाचते, रंगवून सांगते, चित्रं काढते. गणिताची वही काढली की मात्र तिच्या पोटात दुखायला लागतं. ती सोंग करत नाही, चेहरा खरंच उतरतो.

मार्चमधली गोष्ट. मी "बावन्न" म्हटलं, तिने २५ लिहिलं. "नीट ऐक, बा-व-न्न." पुन्हा २५. खोडून खोडून कागद फाटला. मग मी "एकोणसाठ" सांगितलं. तिने आधी ६ लिहिला, माझ्याकडे बघितलं, पुढे १ काढला, परत बघितलं, १ खोडून ९ केला. ते बघणं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आकड्याचा ती विचारच करत नव्हती, उत्तर माझ्या चेहऱ्यावर शोधत होती. त्या दिवशी मी आवाज चढवला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

हीच मुलगी वाण्याकडे गेली की वीसच्या नोटेतून किती परत यायचे ते बरोबर सांगते. म्हणजे डोकं चालतं, वही आली की अडतं.

सध्या आम्ही माझ्या माहेरी आहोत, रत्नागिरी जिल्ह्यात. इथे एक गोष्ट आपोआप जमली. आईने जुन्या कवड्या काढल्या आणि अंगणात खडूने अष्टा-चंग्याचा पट आखला, पाच बाय पाच घरांचा. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या तितकं दान. चारही उताण्या पडल्या तर चार, म्हणजे चंगा; सगळ्या पालथ्या पडल्या तर आठ, म्हणजे अष्टा. पहिले दोन दिवस लेक एकेक कवडी बोटाने मोजायची. तिसऱ्या दिवसापासून नुसती नजर टाकते आणि म्हणते, "तीन!" परवा आजीला म्हणाली, "तुझी सोंगटी माझ्यापुढे पाच घरांवर आहे. मला चंगा आणि मग एक पडायला हवा." कोणी न सांगता तिने पाचाची फोड केली होती! मी स्वयंपाकघरात होते, हातातलं काम तसंच राहिलं.

वडील तिला आढीतले आंबे मोजायला बसवतात. दोन्ही हातांत मिळून सहा, दोनदा उचलले की डझन. हे तिला आवडतं. आवडत नाहीत त्या गोष्टी म्हणजे छापील सरावपत्रिका (चार दिवसांत बंद केल्या) आणि मोबाइलवरचा गणिताचा खेळ. त्यात ती अंदाजाने बटणं दाबत होती.

आता माझे प्रश्न:

बावन्न-पंचवीसचा हा गोंधळ कसा सोडवू? पाढे आत्ताच पाठ करून घ्यावेत का? वडिलांना त्यांच्या लहानपणची पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) सुद्धा शिकवायची आहे. ते तिच्याशी फार मायेने वागतात, त्यामुळे नाही म्हणवत नाही, पण तिच्यावर ओझं होईल अशी भीती वाटते. आणि रोज ठरलेली वेळ ठेवावी, की खेळातून होईल तेवढंच पुरे?

शाळा सुरू व्हायला पाच आठवडे आहेत. तुमच्या घरी काय उपयोगी पडलं ते सांगा.

प्रतिसाद: निवृत्त प्राथमिक शिक्षक

ताई, तुमच्या मुलीचं ऐकणं अगदी बरोबर आहे. 'बावन्न' म्हणताना आधी दोन ऐकू येतो, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी ५. जे आधी ऐकलं ते तिने आधी लिहिलं. एकोणसाठचंही तसंच. एकोण म्हणजे एकाने उणे, पण मुलाच्या कानावर 'साठ' पडतं आणि हात सहाकडे जातो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत अशा आठ संख्या आहेत. नव्व्याण्णव मात्र या रांगेत बसत नाही. या आठांवर तिसरी-चौथीतली मुलंही अडखळलेली मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं आणि केवढा वाद झाला, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली होती, ती मुलांच्या याच अडचणीची होती. माझं मत विचाराल तर जुनी नावं सोडू नयेत, ती बाजारात, घरात, सगळीकडे लागतात. पण तिथवर पोचायला 'पन्नास दोन' ही पायरी चांगली आहे.

करायचं असं. पुठ्ठ्याची कार्डं कापा. १०, २० ते ९० ही रुंद, १ ते ९ ही अर्ध्या रुंदीची. ५० च्या शून्यावर २ चं कार्ड ठेवायचं. तोंडाने "पन्नास दोन, बावन्न". आठवडाभर लिहायचं नाहीच. मग उलटं करा: तिने संख्या सांगायची आणि तुम्ही लिहायची. मधूनच मुद्दाम चुका. चूक पकडताना मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघत नाही, कागदाकडे बघतं.

एकोणसाठसाठी शंभर मण्यांची माळ ओवा, दहा एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. साठापर्यंत जायचं, एक मणी मागे सारायचा.

पाढ्यांचं म्हणाल, तर दोन, पाच आणि दहाचा आत्ता पुरे, तेही वस्तूंवर. वडिलांना पावकी-निमकी म्हणू द्या, फक्त हातात भाकरी किंवा आंबा असू द्या. चार पाव मिळून एक होतो हे तिने खाऊन पाहिलं की झालं. पाठ म्हणवून घेऊ नका.

प्रतिसाद: दोन मुलांचा बाबा, पुणे

आम्ही एसटीच्या तिकिटावर खूप खेळतो. पूर्ण भाडं ८० रुपये धरा. मामाचे ८०. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं, म्हणजे तुमचे ४०. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं, तिचे ४०. आजोबा पंचाहत्तरीपुढचे असतील तर शून्य. माझी धाकटी दर प्रवासात कंडक्टरकाकांच्या आधी बेरीज सांगायला धडपडते.

घरात पाचवी-सहावीतलं भावंड असेल तर त्याला कापरेकरांचा ६१७४ दाखवा. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करायची, येईल त्यावर परत तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतोच. देवळालीच्या एका शाळामास्तरांनी हे शोधलं हे कळल्यावर माझ्या मोठ्याने दोन पानं वजाबाक्या आपणहून केल्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद, नऊ दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचा प्रतिसाद वाचून त्या रात्री मी लेकीला जवळ घेऊन सांगितलं की तुझं ऐकणं बरोबर होतं, चुकले मी. ती काही बोलली नाही, माझा हात धरून झोपली.

कार्डं लग्नपत्रिकांची केली. मुद्दाम चुकण्याचा खेळ तिला सगळ्यात आवडला, रोज तीच मागते. पंधरा-वीस मिनिटं होतात, कंटाळायच्या आत मीच थांबवते. बावन्न आता बहुतेक वेळा ५२ होतो.

काल माळेवर एकोणसत्तर विचारलं. माळेला हात न लावता म्हणाली, "सत्तरला जायला एक घर बाकी." घर! कवड्यांच्या पटावरचं घर तिने माळेवर आणलं होतं. ६९ लिहिलं आणि आजीला बोलवायला पळाली.

वडिलांनी आंबा चिरून अर्धा-पाव सुरू केलं आहे. आता वजाबाकीतला हातचा समजावायचा आहे. ४२ वजा १७ करताना ती सातातून दोन काढते. यालाही कवड्या-मण्यांतून वाट आहे का, की इथे सुट्या पैशांचा आधार घेऊ?